खो-खोतलं संरक्षण : धोक्याचा आणि डोक्याचा इतिहास



आजचा विषय जाहीर झाल्यावर दोघा-तिघांचे फोन आले. ‘सर, इतिहासाच्या व्याख्यानमालेत खो-खो कुठून आला?’ प्रश्न रास्त आहे. आपल्या जिल्ह्यात संरक्षणाचा इतिहास म्हटलं की माणूस नळदुर्गाकडे नाहीतर परांड्याकडे बोट दाखवतो. तट, बुरूज, खंदक. शत्रू बाहेर, आपण आत. मला आज ज्या संरक्षणाबद्दल बोलायचं आहे, त्यात तट नाही आणि आत-बाहेरही नाही. समोरचे आठ जण तुमच्या मैदानाच्या मधोमध ओळीनं बसलेत, नववा तुमच्या मागे लागलाय, आणि तुमच्या हातात काठी नाही, ढाल नाही. त्याला हात लावायचीही सोय नाही. त्याचा हात लागला की तुम्ही संपलात. अशा ठिकाणी माणूस दोन मिनिटं, अडीच मिनिटं टिकतो कसा, आणि हे टिकणं शंभर वर्षांत कसं बदलत गेलं, एवढाच आजचा विषय.

आधीच कबूल करतो, मी खेळाडू नाही. आयुष्यभर इतिहास शिकवला. पण तालुक्याच्या शालेय स्पर्धा आल्या की गुणलेखकाच्या टेबलावर माणूस कमी पडायचा, आणि अक्षर बरं म्हणून मला बसवायचे. मंडपाखाली बसून, हातात पेन्सिल, शेजारी घड्याळ लावणारा, अशी माझी वीसेक वर्षं गेली. त्या टेबलावरून जे दिसलं ते प्रेक्षकांना दिसत नाही. प्रेक्षक गडी बाद झाला की ओरडतो. गुणलेखकाला गडी बाद होईपर्यंत बघत बसावं लागतं.

हा विषय डोक्यात पक्का झाला तो माझ्या नातवामुळे. तो व्हिडिओ गेम खेळतो. दोन माणसं समोरासमोर, लाथाबुक्क्या, असला खेळ. मी एकदा म्हणालो, ‘अरे, यात डोकं कुठंय? बटणं बडवायची.’ त्यानं मला मोबाइलवर २००४ सालचा एक सामना दाखवला. कॅलिफोर्नियात ‘इव्हो’ नावाची मोठी स्पर्धा, ‘स्ट्रीट फायटर थ्री : थर्ड स्ट्राइक’ हा खेळ. एका बाजूला जपानचा दाइगो उमेहारा, दुसऱ्या बाजूला अमेरिकेचा जस्टिन वाँग. दाइगोच्या गड्यात जीव इतका थोडा उरलेला, की वाँगचा तो मोठा वार त्यानं नुसता हातावर झेलला असता तरी मेला असता. त्या खेळात अशा वारापासून बचाव करतानाही थोडा थोडा जीव जातो. म्हणजे नेहमीचं संरक्षण बंद. एकच वाट उरते. प्रत्येक ठोसा येण्याच्या नेमक्या क्षणी बटण पुढच्या दिशेला दाबायचं, वाराच्या अंगावर जायचं. तेव्हाच तो वार फुकट जातो. क्षण चुकला तर बचावही नाही. सलग पंधरा वार होते. त्यानं पंधराही फुकट घालवले आणि उलट वार करून ती फेरी जिंकली. पुढं अंतिम सामना तो हरला, हेही नातवानं सांगितलं. तो सामना कुणाच्या लक्षात नाही म्हणे.

मी नातवाला म्हटलं, हे मी पाहिलंय. तालुक्याच्या मैदानावर पाहिलंय. त्याचा विश्वास बसला नाही. ते काय पाहिलं, ते येतो सांगत.

आधी थोडा कागदोपत्री इतिहास. खो-खो महाभारतातून आला, रथांच्या लढाईतून आला, असं आपल्याकडे हौसेनं सांगतात. मी त्या वाटेला जात नाही, कारण त्याला कागद नाही. कागद सुरू होतो पुण्यात, १९१४ च्या सुमाराला, डेक्कन जिमखान्यापाशी. तिथं पहिल्यांदा नियम बसवले गेले. मग बडोद्याच्या जिमखान्यानं १९२४ मध्ये नियमावली काढली. १९३५ च्या आसपास अखिल महाराष्ट्र शारीरिक शिक्षण मंडळाची नियम-पुस्तिका आली. १९५५ नंतर अखिल भारतीय पातळीवर संघटना उभी राहिली. पुरुषांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा १९५९-६० मध्ये विजयवाड्याला झाली, महिलांची पुढच्या वर्षी कोल्हापूरला.

या सगळ्यात आपण कुठं होतो? आपला जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता, १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत. पुण्या-बडोद्यात जेव्हा मैदानाची मापं ठरत होती, खांब कुठं रोवायचे यावर वाद होत होते, तेव्हा त्या टेबलावर मराठवाड्याचा माणूस नव्हता. १९५६ ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६० ला महाराष्ट्र झाला. म्हणजे नियमबद्ध खो-खो आपल्या वाट्याला आला तो तयार होऊन आला. हे लक्षात ठेवा.

आता हे नियम म्हणजे नेमकं काय, ते मी माझ्या पद्धतीनं सांगतो, कारण पुस्तिकेत ते क्रमांक घालून दिलेले असतात आणि त्यांच्या मागचा डाव दिसत नाही. सुरुवातीच्या काळातलं मैदान लंबगोल होतं, खांबही नव्हते. असं मैदान म्हणजे पळणाऱ्याला पळायला वाटच वाट. मग टोकांना दोन खांब आले, मैदान चौकोनी झालं, वेळ ठरली. मोठ्यांच्या गटात नऊ मिनिटांचं एक आक्रमण, दोन्ही संघांना दोन-दोन. पळणारे तिघा-तिघांच्या तुकडीनं उतरतात. एक तुकडी संपली की दुसरी.

आणि पाठलाग करणाऱ्याच्या पायात तीन बेड्या घातल्या. एक, बसलेल्यांच्या ओळीतून त्याला आरपार जाता येत नाही. पळणारा जाऊ शकतो, तो नाही. दोन, एकदा दिशा घेतली, खांदा फिरला, की मागं वळता येत नाही. पुढच्या खांबापर्यंत जायचं, नाहीतर कुणाला तरी खो द्यायचा. आणि तीन, खो पाठीमागूनच द्यायचा. बसलेले एक आड एक उलटी तोंडं करून बसतात, त्यामुळं ज्याची पाठ आपल्याकडे आहे त्यालाच खो मिळतो, आणि तो उठतो ते पलीकडच्या बाजूला.

माझं म्हणणं असं, की खो-खोचा सगळा इतिहास या तीन बेड्यांचा इतिहास आहे. पळणाऱ्याला शस्त्र दिलं नाही, म्हणून पाठलागवाल्याला बेड्या घातल्या. या बेड्या सैल केल्या की संरक्षण मरतं, घट्ट केल्या की आक्रमण मरतं. नियम करणारी माणसं शंभर वर्षं हाच तराजू धरून बसली आहेत.

आता पळणाऱ्याच्या डोक्यात शिरू. मुलगी पूर्वेच्या बाजूला आहे, मागून एक जण येतेय. तिला ओळीतून पश्चिमेला जायचंय. फट दिसते. प्रत्येक फटीच्या एका कडेला जी बसलीय तिची पाठ पाठलागवालीकडे आहे, दुसऱ्या कडेला बसलीय तिचं तोंड. पाठवालीला खो मिळू शकतो, तोंडवालीला नाही. म्हणून शहाणी पोरगी फटीतून मधोमध जात नाही. तोंडवालीला जवळजवळ घासून जाते. दोन हातांचं अंतर वाचतं. तेवढ्यात पाठवाली उठते. आता ती डावीकडे वळणार की उजवीकडे? हे ती खांदा फिरवेपर्यंत कुणालाच माहीत नाही. कधी कधी तिलासुद्धा नाही.

इथं खरा खेळ आहे. उठलेली जर लगेच वळली तर पळणारीला कळतं आणि ती उलट्या अंगाला जाते. बेडी क्रमांक दोन. म्हणून उठणारी शक्य तितकं वळायचं लांबवते. पळणारीही पाय टाकायचं लांबवते, कारण तिनं आधी पाय टाकला तर उठणारीला कळतं. दोघी वाट बघतात. जी आधी ठरवते ती फसते. पण फार वाट बघितली तरी फसते, कारण अंतर हाताच्या टप्प्यात येतं. हे सगळं घडतं अर्ध्या सेकंदात, आणि गुणलेखकाच्या टेबलावरून ते नुसतं एक थबकणं दिसतं.

मग या थबकण्यात खोटेपणा घालायचा. त्याला आपण हूल म्हणतो. फटीत पाय दाखवायचा आणि काढून घ्यायचा. खांदा एकीकडे, कंबर दुसरीकडे. आक्रमकही हूल देतो. खो द्यायला वाकल्यासारखं करतो, हात नेतो, आणि खो देतच नाही. पळणारी घाबरून फट ओलांडायला निघाली की धरली. नातवाच्या खेळात याला वेगळे शब्द आहेत, त्यानं मला सांगितले, माझ्या लक्षात राहिले नाहीत. पण गोष्ट तीच. समोरचा काय करणार याचा अंदाज मी करतो, माझ्या अंदाजाचा अंदाज तो करतो. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञानं बैठ्या खेळांवर एक निबंध लिहिला, त्यातलं मर्म आपल्या शाळेतल्या पोरींना ठाऊक असतं : एकच युक्ती कितीही चांगली असली तरी सारखी वापरली की तिची किंमत शून्य. कधी हे, कधी ते, आणि कधी काय ते समोरच्याला कळता कामा नये.

खांबापाशी मात्र गोष्ट बदलते. खांबाच्या पलीकडे जो मोकळा पट्टा आहे, तिथं पाठलागवाल्याच्या दिशेची बेडी गळून पडते. खांबाला एक हात घालून तो डावीकडेही झेपावू शकतो, उजवीकडेही. समोर पळणारा. पन्नास-पन्नास टक्के. इथं पायांचा वेग फारसा कामाला येत नाही, अंदाज कामाला येतो. म्हणून जाणता खेळाडू खांबापर्यंत जातच नाही. दोन चौक आधी परत फिरतो. आणि आक्रमक संघाचा सगळा डाव असतो तो त्याला खांबाकडे ढकलत नेण्याचा. खो मागून खो, खो मागून खो, वाटा बंद करत. या मालिकेत एकदा अडकलं, की शेवटची उडी हा नुसता सोपस्कार असतो. प्रेक्षक टाळ्या देतो त्या सुराला. गडी त्याआधी चार खो मागंच संपलेला असतो.

मग सरळ साखळीच का खेळू नये? साखळी म्हणजे एक-एक फट सोडत नागमोडी जात राहायचं. एकेरी साखळी, दोन-दोन सोडले तर दुहेरी. चांगली साखळी खेळणाऱ्याला धरणं फार अवघड. पण साखळीला फुप्फुसं लागतात. हूल स्वस्त आहे, तिला श्वास लागत नाही, पण चुकली की जीव जातो. साखळी महाग आहे, पण सुरक्षित. म्हणजे पळणारा सतत हिशेब करत असतो : आता दम खर्च करू की धोका पत्करू? पहिल्या मिनिटात साखळी, दम तुटत आला की हूल. आक्रमकालाही हे माहीत असतं. म्हणून अनुभवी आक्रमक पहिल्या मिनिटात कुणा एकालाच दमवत ठेवतो, गडी टिपण्याची घाई करत नाही.

(सभागृहातून प्रश्न : मग तिघांपैकी बाकीचे दोघं काय करतात?) बरोबर विचारलंत. ते उभे असतात आणि तेच फार अवघड असतं. पाठलाग एकाचा चालू आहे, पण खो कुठल्याही क्षणी तुमच्या शेजारच्याला मिळू शकतो. उभं राहून दम वाचवायचा आणि एकाही क्षणी गाफील राहायचं नाही. माझ्या डोळ्यांदेखत कितीतरी चांगले गडी पाठलाग नसताना बाद झालेत.

आता ते तालुक्याच्या मैदानावरचं. साल सांगत नाही, शाळेचं नाव सांगत नाही. मुलींचा सामना. शेवटचं आक्रमण, शेवटच्या तुकडीतली शेवटची मुलगी आत, मिनिटाला थोडी कमी वेळ राहिलेली. ती बाद झाली की समोरचा संघ जिंकतो, टिकली की बरोबरी. पोरगी दमलेली, स्पष्ट दिसत होतं. साखळी तिला जमणार नव्हती. मागून जी येत होती ती त्या संघाची सगळ्यात वेगवान. आणि ही पोरगी थांबली. पळायचं सोडून एका बसलेलीच्या शेजारी नुसती उभी राहिली. मंडपात कुणीतरी म्हणालं, ‘सोडून दिलं बघा हिनं.’

पाठलागवाली चार हातांवर आली, पुढच्या गड्याच्या पाठीवर हात नेला, खो देतेय असं दाखवलं. ही हलली नाही. मग ती पाठलागवाली सरळ झाली आणि खरी झेपावली. खांदा गेला, पाय गेला. त्याच क्षणी ही पोरगी ओळ ओलांडून पलीकडे गेली नाही. ती पाठलागवालीच्या दिशेनं गेली. तिच्या हाताखालून, तिला घासून, ती जिकडून आली होती तिकडे. आणि ती वळू शकत नव्हती! नियमच आहे. तिला पुढं जाऊन खो द्यावा लागला, तो घेणारी उठून, वळून, मागं येईपर्यंत सहा-सात सेकंद गेले. सहा-सात सेकंद म्हणजे त्या वेळी एक वर्ष.

बोटाच्या पेराइतकं अंतर होतं. चुकली असती तर म्हणाले असते, मूर्ख पोरगी, स्वतःहून हातात गेली. आणि तिला काही फार वाटा होत्या असंही नाही. दाइगोसारखंच, नेहमीचं संरक्षण बंद झालं होतं.

शेवटी बाद झालीच ती. शिट्टीला थोडे सेकंद कमी असताना. सामना हरले. मी कागदावर तिच्या नावापुढं वेळ लिहिली, आणि ‘बाद’च्या रकान्यात खूण केली. ती जे काही करून गेली त्याला त्या कागदावर जागा नव्हती.

मला वाटतं, या खेळाच्या इतिहासातली सगळ्यात मोठी गोष्ट हीच आहे, आणि ती कुणी नीट मांडत नाही. खो-खोत संरक्षणाला गुण नव्हता. गडी टिपला की गुण. न टिपला जाण्याला काही नाही. नऊ मिनिटांपैकी तीन मिनिटं एकट्यानं खाल्ली तरी गुणफलकावर तुमचं नाव नाही. फक्त समोरच्याचे गुण कमी राहतात. मराठी वर्तमानपत्रांनी यावर आपला उपाय काढला. जुनी कात्रणं बघा : खेळाडूचं नाव, कंसात मिनिटं आणि सेकंद. ‘अमुकने (२.१०, १.४० मि.) संरक्षण करत…’ क्रीडापानावरच्या त्या कंसात संरक्षकाचा सगळा इतिहास आहे. गुणफलकानं जे नाकारलं ते बातमीदारानं कंसात ठेवलं. या बातमीदारांचे आपल्यावर उपकार आहेत.

एक अपवाद होता. सामना बरोबरीत गेला आणि सुटलाच नाही, तर लघुत्तम आक्रमण. दोन्ही संघांनी पहिला गडी किती वेळात टिपला ते मोजायचं, ज्यानं कमी वेळात टिपला तो जिंकला. म्हणजे इथं पळणाऱ्याचा एक-एक सेकंद थेट तोलला जातो. म्हणून या डावात कुठले तिघं उतरवायचे, यावर प्रशिक्षकांची झोप उडते. सगळ्यात वेगवान? की सगळ्यात थंड डोक्याचा? मी ज्यांना विचारलं ते सगळे म्हणाले, थंड डोक्याचा.

आता पुन्हा आपल्या जिल्ह्याकडे येऊ. नियम घडताना आपण नव्हतो, असं मी म्हटलं. पण गेल्या पंचवीसेक वर्षांत महाराष्ट्राच्या महिला खो-खोचं नाव घेतलं की उस्मानाबादचं नाव घ्यावंच लागतं. (आता धाराशिव. २०२३ पासून. पण जुने कागद शोधायचे तर उस्मानाबाद याच नावानं शोधा.) प्रशिक्षक चंद्रजित जाधव यांच्या हाताखाली इथं मुली घडल्या. त्यातलं सगळ्यांना ठाऊक असलेलं नाव सारिका काळे. तेराव्या वर्षाच्या आसपास खेळायला लागलेली मुलगी. २०१६ च्या फेब्रुवारीत गुवाहाटी-शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत खो-खो पहिल्यांदा आला, भारताच्या महिला संघानं सुवर्णपदक घेतलं, आणि संघाची कर्णधार ही होती. २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्याआधी खो-खोला अर्जुन मिळून बावीस वर्षं झाली होती.

पुरस्कार जाहीर झाल्यावर तिनं जे सांगितलं ते देशभर छापून आलं : जवळजवळ दहा वर्षं दिवसाला एकच जेवण मिळायचं. घरच्या ओढाताणीमुळं २०१६ मध्ये तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं, प्रशिक्षकांनी समजावून परत आणलं. हे ऐकून लोक हळहळतात. मी तेव्हा गुणलेखकासारखा विचार केला. एका जेवणावर नऊ मिनिटांच्या डावात संरक्षण. दम हे भांडवल, आणि भांडवलच कमी. अशा शरीराला साखळी किती परवडेल आणि हूल किती, हा हिशेब तिनं रोज केला असणार. तिच्या खेळाबद्दल कुणी हा प्रश्न विचारलेला माझ्या वाचनात नाही. सगळे उपाशीपणाबद्दल विचारतात. २०२० मध्ये ती तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी होती. तुमच्यापैकी कुणाची भेट झाली तर हे विचारा.

आता अलीकडचं, जरा भरभर. २०२२ मध्ये पुण्यात बालेवाडीला ‘अल्टिमेट खो-खो’ ही लीग सुरू झाली. मॅट, दिवे, टीव्ही. खेळ आटोपशीर केला, आणि तराजूच्या दोन्ही पारड्यांत एकाच वेळी हात घातला. एकीकडे ‘वजीर’ आणला. आक्रमकांपैकी एकाच्या पायातली दिशेची बेडी काढली, तो कुठंही वळू शकतो. म्हणजे मघाशी सांगितलेली ती पोरगी वजिरापुढं तसं करायला गेली असती तर जागेवर संपली असती. दुसरीकडे ‘ड्रीम रन’ आणला. तुकडी ठरावीक वेळ टिकली की संरक्षणाला गुण, आणि पुढं जसजशी टिकेल तसतसे आणखी. शंभर वर्षांनी संरक्षकाला फलकावर जागा मिळाली!

जुन्या लोकांना वजीर आवडत नाही. मलाही नाही आवडत, खरं सांगतो. पण मी प्रामाणिकपणे दोन्ही गोष्टी एकत्र ठेवतो. वजिरानं एक हूल मारली, ड्रीम रननं संरक्षणाचा हिशेब मांडला. मुली शहाण्या आहेत, त्या वजीर उठला की वेगळ्या खेळतात, साधा गडी उठला की वेगळ्या. म्हणजे आता आणखी एक अंदाज वाढला : पुढचा खो वजिराला जाणार की दुसऱ्याला? याला मी वाईट म्हणू शकत नाही. मॅटबद्दल मात्र माझी तक्रार आहे. आपल्या पोरी मातीवर शिकतात. मातीत पाय थोडा सरकतो, हूल त्या सरकण्यावर बांधलेली असते. मॅटवर पाय धरून ठेवतो. ज्या तालुक्याला मॅट नाही, तिथल्या पोरीनं निवड चाचणीत दुसऱ्याच जमिनीवर स्वतःला सिद्ध करायचं. हे बरोबर नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला विश्वचषक झाला तोही याच वेगवान पद्धतीनं. १९ तारखेला अंतिम सामने. महिलांनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६. महिला संघात आपल्या धाराशिवची अश्विनी शिंदे होती. त्या दिवशी गावात फटाके वाजले ते तुम्ही ऐकलेत.

खो-खोतल्या पुरस्कारांची नावं पाहिलीत कधी? राष्ट्रीय स्पर्धेत पुरुषांना एकलव्य, महिलांना राणी लक्ष्मीबाई. अठरा वर्षांखालच्या मुलांना वीर अभिमन्यू. मला याचं नेहमी हसू येतं. व्यूहातून बाहेर पडण्याची विद्या ज्याला येत नव्हती त्याचं नाव. (हशा) मुलींना जानकी. असो, ठेवणाऱ्यांनी श्रद्धेनं ठेवली असतील.

शेवटची गोष्ट, आणि ती कामाची आहे. राज्य आणि राष्ट्रीय सामन्यांचे निकाल मिळतात. संरक्षणाच्या वेळा मिळत नाहीत. त्या होत्या फक्त गुणपत्रिकेवर आणि वर्तमानपत्रातल्या त्या कंसात. तालुका, जिल्हा पातळीवरच्या गुणपत्रिका स्पर्धा संपली की शाळेच्या कपाटात जातात, कपाट भरलं की रद्दीत. माझ्या हातानं लिहिलेल्या शेकड्यांनी असतील, माझ्याकडे आता फक्त अकरा उरल्या आहेत. त्या पोरीची त्यात नाही. शोधली, मिळाली नाही.

तुमच्यापैकी जे शाळेत आहेत, क्रीडाशिक्षक होते, किंवा ज्यांच्या घरी वडिलांच्या ट्रंकेत जुनी कात्रणं आहेत, त्यांनी कृपा करून ती टाकू नका. उस्मानाबाद, तुळजापूर, उमरगा, कळंब, भूम, परंडा, लोहारा, वाशी, कुठलाही तालुका चालेल. कागद पिवळा असला, फाटका असला तरी चालेल. नाव, तुकडी, वेळ, कुणी टिपलं, एवढं वाचता आलं की बस. बाहेर टेबलावर एक वही ठेवली आहे, त्यात आपलं नाव आणि कुठल्या वर्षाचा कागद आहे ते लिहून जा. मी येऊन फोटो काढून नेईन, मूळ कागद तुमच्याकडेच राहील.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेत त्या मुलींनी मघापासून हात वर केलाय, आधी त्यांना बोलू द्या.